एलनॅव्ह: चालू लॉग एका काळरेषेवर आणणारे साधन

सर्व्हरवरच्या एखाद्या लॉग फाइलीत क्षणाक्षणाला पडणाऱ्या नोंदी पाहायच्या असतील, तर लिनक्समध्ये टेल ही आज्ञा फार पूर्वीपासून आहे आणि फाइल एकच असेल तर त्याहून अधिक कशाची गरज पडत नाही. खरी अडचण येते ती बिघाडाचे धागे तीन-चार फाइलींत विखुरलेले असतात तेव्हा. वेब सर्व्हरचा लॉग एकीकडे, ॲप्लिकेशनचा दुसरीकडे, यंत्रणेचा सिसलॉग तिसरीकडे, आणि आपण तीन खिडक्या शेजारी शेजारी उघडून कोणती ओळ आधी पडली व कोणती नंतर, हे नजरेने जुळवत बसतो. एलनॅव्ह हे साधन नेमके हेच काम करते. दिलेल्या सगळ्या फाइलींतले टाइमस्टॅम्प, म्हणजे ओळींवरच्या वेळेच्या नोंदी, ओळखून त्या फाइली ते एकाच काळरेषेवर मांडते, आणि फाइली वाढत असतानाही ही मांडणी चालू ठेवते. टिमोथी स्टॅक यांनी सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले हे साधन मोफत असून त्याचा स्रोत बीएसडी परवान्याखाली खुला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा ठिकाणी बसून दोन-चार सर्व्हर सांभाळणाऱ्या लहान चमूला याच्याइतके उपयोगी पडणारे दुसरे साधन मी पाहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या मर्यादाही ठळक आहेत आणि त्यांबद्दल मी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आमचे काम कोणत्या प्रकारचे आहे हे सांगितल्याशिवाय या मताचा अर्थ नीट लागणार नाही. जळगावातल्या आमच्या कार्यालयातून डाळ मिलच्या वजनकाट्याच्या पावत्या ठेवणारी एक प्रणाली, केळीचे रोजचे भाव आणि ट्रकची नोंदणी दाखवणारे एक संकेतस्थळ आणि काही शिकवणी वर्गांची हजेरी अशी कामे सांभाळली जातात. सर्व्हर भाड्याचे, मुंबईच्या डेटा सेंटरमधले, बहुतेकांना दोन गिगाबाइट मेमरी. अशा सर्व्हरवर इलास्टिकसर्च, लॉगस्टॅश आणि किबाना ही लॉग गोळा करून शोधण्याची व दाखवण्याची त्रयी बसवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. ती यंत्रणा समर्थ आहे यात वाद नाही; पण तिच्या जावा प्रक्रियांना लागणारी मेमरी पाहता ज्याच्यावर पाळत ठेवायची त्या सर्व्हरपेक्षा पाळत ठेवणाराच सर्व्हर मोठा घ्यावा लागतो, आणि त्याचे मासिक भाडे लहान ग्राहकाच्या बिलात बसत नाही. एलनॅव्हला वेगळा सर्व्हर लागत नाही, पार्श्वभूमीला चालणारी सेवा लागत नाही, डेटाबेस उभारावा लागत नाही. एक प्रोग्राम टर्मिनलमध्ये उघडायचा आणि काम झाले की बंद करायचा.

एलनॅव्हकडे वळण्यापूर्वी टेलचे वागणे नीट समजून घ्यावे, असे मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो, कारण चालू लॉग पाहताना होणाऱ्या निम्म्या गफलती तिथेच उगम पावतात. टेलला लहान एफ हा पर्याय दिला, तर ती उघडलेल्या फाइलीच्या डिस्क्रिप्टरला, म्हणजे यंत्रणेने त्या उघड्या फाइलीला दिलेल्या क्रमांकाला, धरून राहते. फाइलीच्या नावाशी तिला देणेघेणे नसते. रात्री लॉगरोटेटने, म्हणजे लॉग फाइली ठरावीक काळाने बदलणाऱ्या प्रोग्रामने, जुनी फाइल बाजूला सरकवून त्याच नावाची नवी फाइल तयार केली, की टेल जुन्याच फाइलीकडे पाहत राहते, पडद्यावर नवी ओळ येणे थांबते, आणि पाहणाऱ्याला वाटते की सर्व्हर शांत आहे. मोठा एफ दिला तर ती नावाला धरून राहते, फाइल बदलल्याचे लक्षात येताच तसा संदेश देऊन नव्या फाइलीवर जाते. लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेट हा दुसरा मार्गही आहे, ज्यात फाइलीची प्रत काढून मूळ फाइल रिकामी केली जाते. प्रत काढणे आणि रिकामी करणे यांमधल्या अगदी थोड्या अवधीत पडलेल्या ओळी त्यात गमावल्या जाऊ शकतात, म्हणून वेब सर्व्हर नव्याने फाइल उघडण्याचा इशारा समजत असेल तर हा मार्ग टाळलेला बरा.

फाइलीत बदल झाला हे टेलला कळते कसे, हेही जाणून घेण्यासारखे आहे. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत, म्हणजे २००५ साली, आयनोटिफाय ही सोय आली. तीमुळे एखाद्या फाइलीत लिहिले गेले, ती सरकवली गेली किंवा पुसली गेली, की कर्नल स्वतःहून कळवतो. टेल लिनक्सवर आज याच सोयीचा आधार घेते आणि ती उपलब्ध नसेल तर दर सेकंदाला फाइल तपासण्याच्या जुन्या पद्धतीवर येते. मात्र लॉग दुसऱ्या यंत्रावर असून एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर पलीकडच्या यंत्राने केलेल्या लेखनाची वर्दी अलीकडच्या कर्नलला मिळत नाही. एका ग्राहकाकडे लॉग ठेवण्यासाठी अशी जोडणी केलेली होती आणि ‘लॉग थेट दिसत नाही’ ही तिथली तक्रार साधनाची नसून या रचनेची होती.

आता एलनॅव्ह. आज्ञेपुढे फाइलींची नावे किंवा अख्खी लॉगची डिरेक्टरी दिली, की ते प्रत्येक फाइलीचा साचा स्वतः ओळखते. वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांच्या नोंदी), सिसलॉग आणि इतर अनेक प्रचलित साचे त्याला आधीपासून ठाऊक असतात. जीझिपने दाबून लहान केलेल्या जुन्या फाइलीही ते न सोडवता तशाच वाचते, त्यामुळे कालचा दाबून ठेवलेला लॉग आणि आजचा चालू लॉग एकाच पडद्यावर सलग वाचता येतात. चूक नोंदवणाऱ्या ओळी लाल, इशाऱ्याच्या पिवळ्या. कळफलकावरचे ई हे अक्षर दाबले की पुढची चूक, मोठा ई दाबला की मागची. डब्ल्यू दाबला की पुढचा इशारा. पडदा तळाशी असेल तर नव्या ओळी येतील तसा तो सरकत राहतो आणि आपण वर जाऊन काही वाचत असू तर तिथेच स्थिर राहतो. टेल चालू असताना वाचत असलेली ओळ हातातून निसटते, याचा त्रास ज्याने काढला आहे त्याला ही बाब किती मोलाची आहे ते सांगावे लागणार नाही. लॉगरोटेटने फाइल बदलली तरी त्याच नावाची नवी फाइल ते आपोआप उघडते.

प्रत्यक्ष उपयोगाचे एक उदाहरण तपशिलात देतो. केळीचे भाव दाखवणाऱ्या त्या संकेतस्थळावर सकाळी भाव जाहीर होण्याच्या सुमारास रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून एकदम गर्दी होते. त्या दिवशी कापणी करायची की थांबायचे, ट्रक बोलवायचा की नाही, हे उत्पादक भाव पाहूनच ठरवतात, त्यामुळे तेवढा अर्धा-पाऊण तास हेच त्या संकेतस्थळाचे खरे काम असते. हंगामात काही दिवस नेमके याच वेळी पान उघडेनासे झाले. सावद्याजवळच्या एका उत्पादकाचा फोन आला, ‘भाऊ, पान उघडतच नाही, नुसतं गोल फिरतंय. व्यापारी बांधावर उभा आहे, त्याला काय सांगू?’ संकेतस्थळाच्या मालकांचे म्हणणे असे की दोष गावाकडच्या मोबाइल नेटवर्कचा आहे, आणि एन्जिनएक्स या आमच्या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगकडे एकट्याने पाहिले तर त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते, कारण त्यात ४९९ या संकेतांकाच्या ओळींची रांग लागलेली होती. उत्तर मिळण्यापूर्वीच समोरच्याने संबंध तोडला, अशा वेळी एन्जिनएक्स हा संकेतांक नोंदवतो, आणि रेंज गेली तरी तोच नोंदला जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲक्सेस लॉग, एरर लॉग, ॲप्लिकेशनचा लॉग आणि सिसलॉग हे चारही एलनॅव्हमध्ये एकत्र उघडून ठेवले. जे दिसले ते क्रमाने असे होते. साडेनऊला सिसलॉगमध्ये क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सेवेची, एक ओळ पडली. तिच्यामागोमाग ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये ‘हंगामवार तुलना अहवाल सुरू’ अशी नोंद आली. मग काही सेकंद ॲप्लिकेशनची एकही ओळ नाही. त्यानंतर ४९९ च्या ओळी, आधी तुरळक, मग सलग. आणि अहवाल सुरू झाल्यानंतर साधारण मिनिटभराने एरर लॉगमध्ये मागच्या सेवेकडून, म्हणजे ॲप्लिकेशनकडून, उत्तर यायला मुदतीपेक्षा अधिक वेळ लागल्याच्या तक्रारी आणि त्यांच्या जोडीला ॲक्सेस लॉगमध्ये ५०४ हा मुदत संपल्याचा संकेतांक. हे मिनिट योगायोगाचे नव्हते. मागच्या सेवेचे उत्तर वाचण्यासाठी एन्जिनएक्स किती वेळ थांबेल याचे मूळ मूल्य ६० सेकंद असते आणि आमच्याकडे ते बदललेले नव्हते. जुन्या भावांच्या तक्त्यावर तारीख आणि तालुका यांचा इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, नसल्यामुळे तुलनेचा अहवाल अख्खा तक्ता वाचत होता, आणि तेवढा वेळ डेटाबेस व ॲप्लिकेशन दोन्ही अडकून पडत होते. हा अहवाल सकाळी साडेनऊला चालावा असे फार पूर्वी कुणी तरी ठरवून ठेवले होते. इंडेक्स तयार केला, अहवाल रात्री हलवला आणि तक्रारी थांबल्या. यातली एकही ओळ एलनॅव्हने निर्माण केली नव्हती, त्या सगळ्या आधीपासून लिहिल्या जात होत्या. पण चार फाइलींत पडलेल्या ओळी क्रमाने एकाखाली एक आल्या नसत्या, तर नेटवर्कला दोष देण्यात हंगाम संपला असता.

याच उदाहरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, जी साधनाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. एन्जिनएक्स ॲक्सेस लॉगमधली ओळ विनंती आल्यावर लिहीत नाही, तर ती पूर्ण झाल्यावर किंवा तुटल्यावर लिहितो. म्हणजे चाळीस सेकंद अडकून पडलेली विनंती ते चाळीस सेकंद लॉगमध्ये कुठेच नसते. चालू लॉग पाहताना ओळी येणे कमी झाले की ‘गर्दी ओसरली’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि प्रत्यक्षात त्याच वेळी दाराशी रांग वाढत असते. काळरेषेवरही ही ओळ तिच्या शेवटाच्या जागी बसते, सुरुवातीच्या नाही, म्हणून कारण नेहमी तिच्या वर शोधावे लागते. यावर उपाय म्हणजे एन्जिनएक्सच्या लॉगच्या साच्यात विनंतीला लागलेला वेळ जोडून घेणे. हे काम एका ओळीचे आहे आणि ते केल्याशिवाय कोणत्याही साधनाने लॉग पाहण्यात फारसा अर्थ नाही, असे मला वाटते.

काळरेषा खरी ठरण्यासाठी घड्याळे जुळलेली असावी लागतात, हे उघड असले तरी त्यात चूक होण्याच्या जागा अनेक आहेत. आमचे ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालते, आणि कंटेनरचे घड्याळ वेगळे काही सांगितलेले नसेल तर जागतिक प्रमाणवेळेवर असते. ॲप्लिकेशनने वेळ लिहिताना सोबत प्रमाणवेळेचा उल्लेख केला नाही, तर त्याच्या ओळी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे जाऊन बसतात, आणि एलनॅव्ह त्या बिनतक्रार तिथेच दाखवते. एखाद्या फाइलीची वेळ पुढे-मागे सरकवण्याची आज्ञा त्यात आहे. पडद्यावर सर्वांत वर असलेल्या ओळीची खरी वेळ सांगितली की त्या फाइलीतल्या सर्व ओळी त्याच हिशेबाने सरकतात. ती आज्ञा उपयोगी असली तरी दर वेळी ती देत बसण्यापेक्षा ॲप्लिकेशनलाच टाइमस्टॅम्पसोबत प्रमाणवेळ लिहायला लावणे हा कायमचा मार्ग आहे. दोन वेगळ्या सर्व्हरचे लॉग एकत्र पाहायचे असतील तर दोन्हींची घड्याळे एनटीपी या नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने जुळवलेली आहेत ना, हे आधी तपासावे. काही सेकंदांचा फरकही कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करू शकतो.

दूरच्या सर्व्हरवरचा लॉग एसएसएच या सुरक्षित जोडणीद्वारे थेट उघडण्याची सोय ०.१० या आवृत्तीपासून आली आहे. त्यासाठी पासवर्डाऐवजी किल्ली वापरून प्रवेश ठरलेला असावा लागतो. ही सोय चांगली आहे, पण आमच्याकडची परिस्थिती लक्षात घेता मी ती मर्यादितच वापरतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, वीज जाते, इंटरनेटची जोडणी मोबाइलवर आणावी लागते, आणि नेमका बिघाड पाहत असताना पडदा तुटतो. त्यापेक्षा सर्व्हरवरच टीमक्स हा टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम सुरू करून त्यात एलनॅव्ह उघडावे. जोडणी तुटली तरी ते तिकडे चालू राहते, आणि पुन्हा जोडल्यावर लावलेले फिल्टर, केलेल्या खुणा, वाचत असलेली जागा सगळे जसेच्या तसे मिळते.

फिल्टरबद्दल थोडे सांगायला हवे, कारण चालू लॉग वाचण्यातला खरा त्रास ओळींच्या गर्दीचा असतो. चित्रांच्या विनंत्या, सर्व्हर जिवंत आहे का हे विचारणाऱ्या दर मिनिटाच्या विनंत्या, शोधयंत्रांचे बॉट हे सारे आज्ञा देऊन पडद्यावरून वगळता येते किंवा उलट फक्त हव्या त्या नमुन्याच्या ओळी ठेवता येतात, आणि टॅब कळ दाबली की लावलेल्या फिल्टरांची यादी उघडून त्यांतला एखादा तात्पुरता बंदही करता येतो. हेच काम टेल आणि ग्रेप (नमुन्याच्या ओळी निवडणारी आज्ञा) जोडूनही होते, पण मधल्या प्रोग्रामचे आउटपुट टर्मिनलऐवजी पुढच्या प्रोग्रामकडे जात असेल तर ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठून मग एकदम पुढे सरकते. ग्रेपला ओळीओळीने सोडण्याचा पर्याय दिला नाही तर दोन ग्रेप जोडल्यावर ओळी मिनिटभर उशिरा, घोळक्याने येतात. एलनॅव्हमध्ये हा प्रश्न येत नाही. मात्र बफर लॉग लिहिणाऱ्याकडेच असेल, म्हणजे एन्जिनएक्सच्या ॲक्सेस लॉगला बफर लावलेला असेल किंवा पायथनचे ॲप्लिकेशन आपले आउटपुट साठवून लिहीत असेल, तर जगातले कोणतेही साधन ती ओळ लिहिली जाण्यापूर्वी दाखवू शकत नाही. ‘थेट’ या शब्दाला एवढी मर्यादा आहे.

एलनॅव्हमधली सर्वांत समर्थ सोय एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेची, आहे. ॲक्सेस लॉग हा एसक्यूलाइट या लहान डेटाबेसमधला तक्ता असल्यासारखा विचारता येतो: कोणत्या पत्त्यावरून किती विनंत्या आल्या, कोणत्या पानाला सर्वाधिक ५०४ गेले, गेल्या दहा मिनिटांत किती बाइट बाहेर पडले. ज्याला एसक्यूएल येते त्याला ऑक आणि सॉर्ट या आज्ञांच्या लांबलचक साखळ्या रचाव्या लागत नाहीत. मराठीत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने एक बारकावा इथे नोंदवतो. पानाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे असली की ब्राउझर ती टक्क्याच्या चिन्हासह सोळा-आधारी अंकांत पाठवतो. ‘यावल’ हे चार चिन्हांचे नाव, दर चिन्हाला तीन बाइट आणि दर बाइटला तीन अक्षरे या हिशेबाने, लॉगमध्ये ३६ अक्षरांची ओळख पटणार नाही अशी मालिका होऊन पडते, आणि ‘रावेर’ ४५ अक्षरांची. पडद्यावर ती डोळ्यांनी वाचणे अशक्यच. एलनॅव्हच्या नव्या आवृत्त्यांत ही मालिका परत मूळ अक्षरांत आणणारे फंक्शन एसक्यूएलमध्ये वापरता येते, त्यामुळे तालुकावार मोजणी करताना निकालात गावांची नावे वाचता येतात. अनेक टर्मिनलांत देवनागरी मात्रा विस्कटून दिसतात, हा दोष टर्मिनलचा. तेवढा सोसावा लागतो.

आता उणिवा. पहिली आणि मोठी: एलनॅव्ह हा पाहण्यासाठीचा प्रोग्राम आहे, तो इशारा देत नाही. रात्री दोन वाजता डिस्क भरली तर लाल ओळ पडद्यावर येईल, पण पडद्यासमोर कुणी नसेल तर ती तशीच सरकून जाईल. भ्रमणध्वनीवर संदेश पाठवणारी व्यवस्था वेगळी उभारावीच लागते. दुसरी उणीव रंगांची. ॲक्सेस लॉगमध्ये चारशेपासून पुढचा प्रत्येक संकेतांक ते चूक म्हणून गणते. इंटरनेटवरच्या कोणत्याही सर्व्हरवर, वर्डप्रेस नसले तरी, वर्डप्रेसच्या लॉगिनचे पान शोधणारे बॉट दिवसभर येत असतात आणि प्रत्येकाला ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’ हा संकेतांक, मिळतो. परिणामी पडदा लाल ओळींनी भरतो आणि ई दाबून खऱ्या चुकीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ४०४ वगळणारा फिल्टर आधीच लावून ठेवणे हाच व्यवहार्य उपाय आहे. तिसरी उणीव मोठ्या फाइलींची. उघडताना ते प्रत्येक ओळीची अनुक्रमणी तयार करते, त्यामुळे काही गिगाबाइटची फाइल असेल तर दोन गिगाबाइट मेमरीच्या, आधीच ताणलेल्या सर्व्हरवर ते उघडू नये. तिथे टेलने शेवटच्या काही हजार ओळी वेगळ्या काढून पाहाव्यात किंवा फाइल दुसऱ्या यंत्रावर आणावी.

स्वतःच्या ॲप्लिकेशनच्या लॉगचा साचा शिकवणे हे चौथे प्रकरण. त्यासाठी जेसन या माहिती मांडण्याच्या साच्यात एक फाइल लिहावी लागते आणि तीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे ओळीचा नमुना सांगणारे सूत्र, द्यावे लागते. एकदा बसले की उत्तम चालते. पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा त्यात बराच वेळ जातो, आणि मार्गदर्शन सगळे इंग्रजीत आहे. विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आमच्या सहकाऱ्यांनी कळांचा वापर लगेच आत्मसात केला, साचा लिहिताना मात्र शेजारी बसावे लागले. ॲप्लिकेशनचा लॉगच सुरुवातीपासून ओळीगणिक एक जेसन वस्तू असा लिहिला तर रेग्युलर एक्स्प्रेशनची कटकट वाचते; नवे काम सुरू करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लिनक्सच्या वितरणांतून मिळणारी आवृत्ती अनेकदा मागची असते, त्यामुळे प्रकल्पाच्या पानावरची एकाच फाइलीतली तयार आवृत्ती उतरवून घेणे सोयीचे. तिला दुसरे काही बसवावे लागत नाही.

गोॲक्सेस या दुसऱ्या साधनाशी एलनॅव्हची तुलना अनेक जण करतात, म्हणून थोडक्यात. गोॲक्सेस ॲक्सेस लॉगची आकडेवारी टर्मिनलमध्ये किंवा ब्राउझरमध्ये थेट बदलत दाखवते, दिसायला देखणे आहे, आणि आज किती जणांनी भाव पाहिले हे ग्राहकाला दाखवायचे असेल तर तेच वापरावे. ॲप्लिकेशनचा लॉग आणि सिसलॉग त्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळत नाही.

वापरण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर बहुतेक लॉग ‘एडीएम’ या गटाला वाचता येतात. पाहणाऱ्याचे खाते त्या गटात घालावे, रूट या सर्वाधिकारी खात्याने एलनॅव्ह उघडू नये. लॉगमध्ये उत्पादकांचे मोबाइल क्रमांक पानाच्या पत्त्यासोबत नोंदले जात असतील तर ती व्यक्तिगत माहिती आहे आणि ती कुणाच्याही पडद्यावर सहज दिसावी अशी नाही. ॲप्लिकेशननेच ते क्रमांक झाकून लिहावेत. दुसरी गोष्ट लॉग किती दिवस ठेवायचे याची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे अपेक्षित आहे, आणि डेबियन-उबुंटूमध्ये एन्जिनएक्ससोबत येणारी लॉगरोटेटची मूळ मांडणी रोज फाइल बदलून १४ फाइलीच ठेवते. बहुतेक लहान सर्व्हरवर ही मांडणी कुणी बदललेली नसते. आम्ही आकडा १८० च्या वर नेला आहे, फाइली दाबून ठेवल्या जातात म्हणून जागेचा भार सोसवतो, आणि मागच्या हंगामातली एखादी सकाळ पुन्हा पाहायची झाली तर त्या दाबलेल्या फाइली एलनॅव्ह जशाच्या तशा उघडते.